अब्राहामाच्या अंगणातील तीन अतिथी

वलंदेज चित्रकार रेम्ब्रांट याने १६५६ साली तांब्याच्या एका पत्र्यावर तेजाबाच्या साहाय्याने कोरलेले एक चित्र आहे. त्याची उंची सुमारे १६ सेंटिमीटर व रुंदी सुमारे १३ सेंटिमीटर. म्हणजे पसरलेल्या पंजाने सहज झाकले जाईल एवढाच त्याचा विस्तार. तीन पाहुणे जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर, पाय दुमडून, स्वस्थपणे बसले आहेत. मधल्या पुरुषाची दाढी लांब असून त्याच्या हाती पेला आहे. यजमान स्वतः म्हातारा असूनही वाकून, हातात सुरई घेऊन, सेवेस तत्पर उभा आहे. मागे अर्धवट उघड्या दाराआड एक वृद्ध स्त्री कान देऊन ऐकत आहे, आणि त्याहीपलीकडे एक मुलगा सर्वांकडे पाठ करून धनुष्य ताणीत आहे. हे चित्र परभणीतील किंवा गंगाखेडातील एखाद्या जाणत्या गृहस्थापुढे ठेविले आणि खालील सही झाकली, तर चित्रातील माणसे कोण हे त्याला कदाचित सांगता येणार नाही. परंतु ही बैठक आपल्याकडची आहे, असे तो म्हटल्यावाचून राहणार नाही. त्याचे म्हणणे खरेही ठरेल. ख्रिस्ती धर्मातील एका अतिशय गूढ प्रसंगाला रेम्ब्रांटने जी बैठक दिली, ती हिंदुस्थानातील एका लघुचित्रातून घेतलेली आहे.

प्रसंग बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायातला आहे. अब्राहाम मम्रे येथील वृक्षांजवळ, ऐन उन्हाच्या वेळी, आपल्या तंबूच्या दाराशी बसलेला असतो. मान वर करून पाहतो तो समोर तीन पुरुष उभे. हे कोण, कोठले, याची चौकशी न करता तो धावत सामोरा जातो, भुईपर्यंत वाकून नमस्कार करतो, पाय धुण्यास पाणी देववितो आणि झाडाखाली विसावण्याची विनंती करतो. सारेला तो तीन मापे सपीठ मळावयास सांगतो. कोवळे वासरू रांधविले जाते. दही आणि दूध पुढे येते. पाहुणे जेवीत असता तो झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. मग पाहुणा विचारतो, तुझी पत्नी सारा कोठे आहे? आणि पुढल्या वर्षी याच सुमारास तिला पुत्र होईल असे वचन देतो. त्या वेळी अब्राहाम ९९ वर्षांचा आणि सारा ९० च्या घरातली. दाराआडून ऐकणारी सारा मनातल्या मनात हसते. पुढे पुत्र होतो व त्याचे नाव इसहाक ठेवितात. हिब्रू भाषेत या नावाचा हसण्याशीच संबंध आहे. म्हातारीचे ते अविश्वासाचे हसू मुलाच्या नावात कायमचे राहून गेले.

या कथेत एक विलक्षण गोष्ट आहे. आरंभी परमेश्वराने दर्शन दिले असे म्हटले आहे आणि लगेच तीन पुरुष आले असे म्हटले आहे. अब्राहाम कधी एकाला उद्देशून बोलतो, तर कधी अनेकांना. बोलणारा कधी ‘ते’ असतो, कधी ‘तो’. यहुदी पंडितांनी याचा उलगडा एका प्रकारे केला, ख्रिस्ती आचार्यांनी दुसऱ्या प्रकारे. ख्रिस्ती मताप्रमाणे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच ईश्वराची तीन रूपे. तेव्हा तिघे येतात आणि एकच बोलतो, यात त्या मताच्या आचार्यांना त्रैक्याची पूर्वसूचना दिसली. कुराणातही इब्राहीमच्या पाहुण्यांची ही कथा आली आहे; पण तेथील पाहुणे भाजलेल्या वासराला हात लावीत नाहीत आणि त्यामुळे यजमानाच्या मनात भय उत्पन्न होते. एकच कथा तीन धर्मांनी आपली मानली आणि प्रत्येकाने तिच्यात आपापला अर्थ पाहिला.

महाराष्ट्रातील श्रोत्याला येथे अत्रिऋषींच्या आश्रमाची आठवण होणे अगदी स्वाभाविक आहे. परभणीच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माहूरच्या डोंगरावर अनसूयेचे स्थान आहे आणि गोदाकाठच्या गावोगावी दत्ताचे भक्त आहेत. ब्रह्मा, विष्णू आणि महेश हे तिघे अतिथी होऊन अनसूयेच्या दारी आले. सत्त्व पाहण्यास आले आणि तिच्या तपाने बालके होऊन बसले. पुढे त्या तिघांचे एकरूप ते दत्तात्रेय. तीन अतिथी, त्यांत एक देव, आणि निरोप घेताना त्या घराला पुत्राचा लाभ, इतके साम्य पाहून कोणीही चकित व्हावे. तथापि साम्य म्हणजे संबंध नव्हे. मम्रेची कथा माहूरला आली किंवा माहूरची मम्रेला गेली, असे म्हणण्यास कसलाही आधार नाही. माणसाच्या दारी येणाऱ्या अनोळखी पांथस्थाविषयी ज्या समाजांना धाक आणि आदर दोन्ही वाटले, त्या समाजांत अशा कथा स्वतंत्रपणे उपजल्या असल्या पाहिजेत. मात्र दोन्हीकडच्या मूर्तिकारांपुढे आणि चित्रकारांपुढे अडचण एकच आली: तीन असून एक असलेले दैवत दाखवावे कसे?

महानुभाव पंथातील दत्तात्रेय एकमुखी आहे. गुरुचरित्राच्या परंपरेत रुजलेला दत्त तीन शिरांचा, सहा हातांचा. शंख, चक्र, त्रिशूल, डमरू, माळ आणि कमंडलू धारण करणारा. पुढे १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्यासारख्या कारखान्यांतून देवादिकांची रंगीत चित्रे स्वस्त झाली आणि त्रिमुखी दत्त घरोघरच्या भिंतीवर आला. युरोपातही हाच मार्ग काही चित्रकारांनी चोखाळला होता. एका मानेवर तीन चेहरे असलेली ख्रिस्ती त्रैक्याची चित्रे तेथे बराच काळ निघत असत. परंतु रोमच्या धर्मपीठाला ती विद्रूप वाटू लागली आणि १६२८ साली आठवा अर्बन या पोपने त्यांवर बंदी घातली. आपल्याकडे जे रूप भक्तीने स्थिर केले, तेच तेथे आज्ञेने पुसले गेले. पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांनी निराळी युक्ती योजिली. रशियातील अंद्रेई रुब्ल्योव्ह या साधुचित्रकाराने पंधराव्या शतकाच्या आरंभी अब्राहामाचे तीन देवदूत एका मेजाभोवती बसविले. तिघांचे चेहरे जवळजवळ सारखे, तिघांच्या माना एकमेकांकडे कललेल्या, आणि मध्ये एकच पात्र. अब्राहाम आणि सारा त्याने चित्रातून वगळूनच टाकली. कथा गेली आणि तत्त्व उरले.

रेम्ब्रांटने हे दोन्ही मार्ग पत्करले नाहीत. तो प्रॉटेस्टंट हॉलंडातला मनुष्य. तेथील देवळांच्या भिंती चित्रांपासून मोकळ्या केलेल्या होत्या, ईश्वराची प्रतिमा काढणे कडव्या धर्मोपदेशकांना मान्य नव्हते. परंतु घरी बसून बायबल वाचण्याची आवड मोठी होती आणि छापील चित्रांना गिऱ्हाईकही पुष्कळ होते. या प्रसंगाचे एक छोटे तैलचित्र त्याने १६४६ साली रंगविले होते. तेही जेमतेम १६ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद आहे. त्यात देवत्व दाखविण्याचे काम प्रकाशाने केले आहे. पाहुण्यांपैकी एकाच्या अंगातूनच तेज बाहेर पडते आणि बाकीचे त्या तेजात उजळून निघतात. दहा वर्षांनी तोच प्रसंग हाती घेताना मात्र त्याने तेजाचा आश्रय जवळजवळ सोडला. त्याऐवजी वय, बैठक आणि हावभाव यांवर त्याने सारा भार टाकला. मधला पाहुणा वृद्ध पुरुष आहे. त्याच्या बाजूच्या दोघांना पंख आहेत. हा भेद मूळ कथेला धरून आहे, कारण पुढल्याच अध्यायात त्यांतील दोघे देवदूत सदोम नगराकडे जातात आणि एकटा परमेश्वर अब्राहामाशी बोलत मागे राहिलेला असतो. म्हणजे रेम्ब्रांटने येथे त्रैक्याच्या सिद्धान्तापेक्षा कथेच्या अक्षराकडे अधिक लक्ष दिले. ईश्वराच्या हातातील पेला पाहून प्रभुभोजनाच्या पेल्याची आठवण ख्रिस्ती प्रेक्षकाला व्हावी, असाही अर्थ काढता येतो. तो नाकारण्याचे कारण नाही. पण चित्रकाराने पेला मिरविलेला नाही, एवढे खरे. पाहुणा पाण्याचा पेला धरील तसाच तो धरला आहे.

आता ही बैठक कोठून आली, ते पाहू. हिंदुस्थानी लघुचित्रांवरून रेम्ब्रांटने हाताने काढलेली वीसहून अधिक रेखाटने आज निरनिराळ्या संग्रहांत आहेत. १७४७ साली लंडनमध्ये एका चित्रकाराच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा रेम्ब्रांटच्या हिंदी चित्रांचे एक पुस्तक त्यात होते व त्यात २५ रेखाटने असल्याचे नमूद आहे. त्याने एरवी कोणाच्या चित्राची इतक्या मन लावून नक्कल क्वचितच केली असेल. रेखाटनांसाठी कागददेखील त्याने साधा वापरला नाही. बहुतेक पूर्वेकडून आलेला तलम, महाग कागद त्याने घेतला. शहाजहान, त्याचे शहाजादे, घोडेस्वार, दरबारी असे विषय त्यांत आहेत. त्यांतलेच एक रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: एका वृक्षाखाली चार वृद्ध बसलेले, शांत, एकमेकांच्या सान्निध्यात रमलेले. हे चौघे सूफी शेख होत. ज्या मोगली चित्राशी हे रेखाटन जवळजवळ तंतोतंत जुळते, ते व्हिएन्ना येथील शनब्रुन राजवाड्याच्या एका दालनात आहे. तेथे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेझा हिने अठराव्या शतकात अनेक हिंदी लघुचित्रे कापून, तुकडे जोडून, भिंतीवरील सोनेरी चौकटींत बसविली. चित्रांची ती दुर्दशाच म्हणावी लागेल; पण त्या दुर्दशेमुळेच ती एका जागी राहिली. १९०४ साली फ्रीड्रिश झारे या जर्मन पंडिताने रेम्ब्रांटच्या या रेखाटनांवर निबंध लिहिला आणि तेव्हापासून चार शेखांचा अब्राहामाच्या अतिथींशी असलेला संबंध अभ्यासकांच्या चर्चेत आहे.

रेम्ब्रांट हॉलंड सोडून कोठेही गेला नाही. तेव्हा चित्रेच त्याच्याकडे आली असली पाहिजेत, आणि ती आणणारे वलंदेज व्यापारी होत. सुरतेत त्यांची वखार १६१६ च्या सुमारास आणि वेंगुर्ल्यास, आदिलशाही मुलखात, १६३७ साली निघाली. नीळ, कापड, मिरी आणि सोरा यांच्या गाठोड्यांबरोबर एखादा हौशी खलाशी किंवा कारकून चित्रेही नेत असे. पण ही ये-जा एकेरी नव्हती. रेम्ब्रांटच्या जन्माआधी २६ वर्षे याच मार्गाने उलट दिशेचा प्रवास झाला होता. १५८० साली गोव्याहून निघालेले तीन जेझुइट पाद्री, रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेर्राते आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस, फत्तेपूर शिक्री येथे अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांनी बादशहास अँटवर्प येथे छापलेले अनेक भाषांतील बायबल नजर केले. त्याचे आठ खंड होते आणि त्यांत ताम्रपटावरून छापलेली चित्रे होती. अकबराच्या चित्रशाळेतील केशवदास, बसावन, मनोहर यांच्यासारख्या चित्रकारांनी अशा चित्रांचा बारकाईने अभ्यास केला. अबुल हसन हा पुढे जहांगिराचा लाडका चित्रकार झाला; त्याने १६०० साली, तेराव्या वर्षात असताना, ड्यूररच्या वधस्तंभाच्या छोट्या चित्रातील संत योहानाची आकृती उचलून स्वतंत्रपणे काढली. ते मूळ चित्र १५११ सालचे आणि बोटाएवढ्या उंचीचे. इतक्या लहान कागदाने न्यूरेंबर्गपासून अकबराच्या दरबारापर्यंत मजल मारावी, ही छापील चित्राची खरी ताकद होय. भिंतीवरचे चित्र जागच्या जागी राहते. कागद पोतडीत बसतो.

गोव्यातून शब्दही निघाले होते. १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने जुन्या आणि नव्या कराराची कथा मराठी ओवीत रचिली. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथामुळे अब्राहामाचे नाव मराठी छंदात उमटले, तेव्हा रेम्ब्रांट दहा वर्षांचा होता. फादर स्टीफन्सने एक गोष्ट नीट ओळखली होती: परकी कथा लोकांच्या मनात उतरवायची तर तिला लोकांच्या ओळखीची बैठक द्यावी लागते. त्याने ती भाषेत दिली. रेम्ब्रांटने उलट केले. ओळखीच्या कथेला त्याने परक्याची बैठक दिली, म्हणजे ती कथा पुन्हा नवी वाटावी.

या व्यवहाराच्या कडेला परभणीची भूमीही आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे घराणे पाथरीच्या कुळकर्ण्यांचे होते, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो; त्या नात्यामुळेच निजामशहांनी पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडून मागितली आणि न मिळाल्यामुळे १५१८ साली तलवारीने घेतली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून पाथरीची नोंद आहे. पुढल्याच वर्षी, १५९७ साली, गोदाकाठी सोनपेठच्या आसमंतात दक्षिणेच्या फौजा आणि मोगल यांची मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखानान. तोच, ज्याचे दोहे उत्तरेत लोकांच्या तोंडी आहेत. लढाईच्या धामधुमीत गुंतलेल्या या सरदाराच्या पदरी चित्रकारांची स्वतःची शाळा होती आणि ती त्याच वर्षांत त्याच्यासाठी फारसी रामायणाची सचित्र प्रत तयार करीत होती. १६०५ च्या सुमारास ती पुरी झाली. दरम्यान अकबर स्वतः दक्षिणेत उतरला, तेव्हा जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री त्याच्या छावणीबरोबर खानदेशात होता. १६०२ मध्ये त्याने ख्रिस्तचरित्र फारसीत लिहून बादशहास दिले आणि मोगल चित्रकारांनी ते चित्रांनी सजविले. म्हणजे ज्या काही वर्षांत पाथरी आणि सोनपेठ यांच्या शिवारातून फौजा जात होत्या, त्याच वर्षांत त्याच राज्यकर्त्यांच्या आश्रयाखाली राम आणि येशू हे दोघेही एकाच घडणीच्या कुंचल्याने रंगविले जात होते. इतिहासाची पुस्तके लढाईची तारीख देतात आणि कुंचल्याचे नाव टाकतात.

मोगलांनी युरोपच्या चित्रांतून काय घेतले आणि काय नाकारले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ख्रिस्ती संतांच्या मस्तकामागील तेजोवलय त्यांनी घेतले आणि बादशहाच्या मस्तकामागे लावले. पंख असलेली बालके घेतली आणि ती सिंहासनावर उडविली. बिचित्र याने जहांगिराचे एक प्रसिद्ध चित्र काढले आहे. त्यात बादशहा एका म्हाताऱ्या सूफी शेखाला ग्रंथ देत आहे, आणि तुर्कस्तानचा सुलतान व इंग्लंडचा राजा पहिला जेम्स हे खाली तिष्ठत आहेत. यांत धर्मचिन्हे पुष्कळ आहेत, परंतु सारी सत्तेच्या चाकरीस लागलेली. जहांगिराला शेख हवा होता तो आपल्या थोरवीची साक्ष म्हणून.

रेम्ब्रांटच्या हाती अशी दोन्ही प्रकारची चित्रे होती: सिंहासनाची आणि झाडाखालची. ईश्वर चितारायचा असता सिंहासनाचे चित्र घ्यावे, हे कोणालाही सुचले असते. युरोपातील पित्या-ईश्वराची शेकडो चित्रे राजवेषातच आहेत. त्याने घेतले ते झाडाखालच्या फकिरांचे. तेजोवलये लावलेल्या बादशहांना त्याने रेखाटनांच्या वहीतच ठेविले. या निवडीत त्याच्या धर्मबुद्धीचे मर्म आहे, असे म्हणावेसे वाटते. जमिनीवर बसलेल्या माणसापाशी उभ्या माणसाला वाकावेच लागते. चित्रातील अब्राहामाचे वाकणे म्हणूनच दरबारी मुजऱ्यासारखे दिसत नाही. पंगतीत वाढणाऱ्याचे वाकणे ते हेच. वाढणाऱ्याने ताठ उभे राहून वाढू नये, हे येथे घरातील मुलांनाही शिकवितात. परंतु मेज-खुर्चीवर जेवणाऱ्या देशातील चित्रकाराला ते कोणी शिकविले असते? मम्रेचा वृक्ष बायबलात होता, लघुचित्रातही वृक्ष होता. तेवढ्या धाग्यावरून त्याची दृष्टी वळली असावी, आणि मग चारांचे तीन होण्यास वेळ लागला नसावा.

यावरून काही उत्साही लेखक रेम्ब्रांटला हिंदी अध्यात्माचा भक्त ठरवू पाहतात. तो मोह आवरला पाहिजे. चार शेखांची नावे, त्यांचा पंथ, त्यांचे विचार यांतले काहीही त्याला ठाऊक असण्याचा संभव नाही. पूर्वेकडचे लोक प्राचीन काळापासून वेषभूषा व चालीरीती न बदलता राहिले आहेत, तेव्हा बायबलातील कुलपुरुष असेच दिसत असतील, अशी त्या काळच्या युरोपीय विद्वानांची समजूत होती. तीच त्याचीही असणार. कनान देश कोठे आणि हिंदुस्थान कोठे! भूगोलाच्या दृष्टीने ही समजूत चुकीची होती. तरीही तिच्यामुळे एक खरी गोष्ट त्याला दिसली. तंबूत राहणारा मेंढपाळ पाहुण्याला खुर्ची देत नसे; आधीच्या किती तरी युरोपीय चित्रकारांनी अब्राहामाच्या दारात मेज मांडून ठेविले होते, ते त्याने उचलून नेले.

चित्राच्या मागील बाजूस गेलेला मुलगा अजून राहिलाच. तो इश्माएल, अब्राहामाला हागार या दासीपासून झालेला थोरला पुत्र. या प्रसंगात बायबल त्याचा उल्लेख करीत नाही. रेम्ब्रांटने त्याला आपल्या मनाने आणून उभे केले आहे. पुढे तो तिरंदाज झाला असे २१ वा अध्याय सांगतो, म्हणून हातात धनुष्य. पुढे इसहाकाच्या जन्मानंतर आईसह त्याला रानात घालवून दिले, म्हणून पाठ फिरविलेली. पाहुणा ज्या घटकेला धाकट्याच्या जन्माचे वचन देत आहे, त्याच घटकेला थोरल्याचा वनवास ठरत आहे, आणि मुलाला त्याची वार्ताही नाही. तो खेळात दंग आहे. हागार आणि इश्माएल घराबाहेर पडत असल्याचे चित्र याच चित्रकाराने १६३७ साली कोरले होते, आणि १६५५ साली, म्हणजे या चित्राच्या आदल्या वर्षी, इसहाकाच्या बलिदानाचे. तेव्हा वचन, वनवास आणि बळी ही तिन्ही त्याच्या मनात एकमेकांना लागून होती. शिवलीलामृतातील श्रीयाळ राजाच्या दारी शिव अतिथी होऊन येतो आणि चिलयाचे मांस मागतो; चांगुणेची ती कथा ऐकलेल्या माणसाला, पुत्र देणारा आणि पुत्र मागणारा अतिथी एकच असू शकतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इस्लामी परंपरेत हाच इश्माएल, म्हणजे इस्माईल, पैगंबरांचा पूर्वज मानला जातो, आणि बहुसंख्य मुसलमानांच्या समजुतीप्रमाणे बकरी ईद त्याच्याच बलिदानाचे स्मरण आहे. ज्या धर्माच्या साधूंची बैठक रेम्ब्रांटने ईश्वराला दिली, त्याच धर्माचा कुलपुरुष त्या बैठकीकडे पाठ करून उभा आहे. चित्रकाराला हे उमगले होते की नव्हते, हा प्रश्न निराळा. चित्रात ते आहे.

साराही दाराआडच आहे. तिच्यावर सावली आहे, चेहऱ्यावर फारशा रेषाही नाहीत. पण सगळ्या चित्रात ऐकणारी ती एकटी. आणि जे घडावयाचे ते तिच्याच देहात घडावयाचे आहे.

१६५६ हे साल रेम्ब्रांटच्या आयुष्यात साधे नव्हते. त्याची पत्नी साक्सिया १६४२ मध्ये वारली होती. तिच्यापासून झालेल्या चार मुलांपैकी तीन तान्हेपणीच गेली. टीटस तेवढा वाचला. मोठ्या घराचे कर्ज फिटले नाही. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि आम्स्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी घरात येऊन एकूणएक वस्तूंची यादी केली. तिच्यात ३६३ नोंदी आहेत: चित्रे, शिंपले, शस्त्रे, पुतळे, जुने कपडे. त्या यादीत लघुचित्रांच्या धर्तीच्या विलक्षण चित्रांनी भरलेले एक पुस्तकही आहे. हिंदी चित्रे त्यातच असावीत असे पुष्कळांचे अनुमान आहे, आणि ती हातची जाणार म्हणूनच त्याने त्यांच्या नकला करून ठेविल्या असेही काही अभ्यासक म्हणतात. घर आणि घरातील वस्तू पुढे विकल्या गेल्या. ज्या वर्षी अधिकारी त्याच्या दाराशी येऊन वस्तू मोजून गेले, त्याच वर्षी त्याने दाराशी आलेल्या अनोळखी माणसांपुढे असेल नसेल ते वाढणारा यजमान कोरला.

तांब्याचा तो मूळ पत्रा नष्ट झालेला नाही. ताम्रपट म्हटला की महाराष्ट्रात दानपत्राची आठवण होते. हा पत्रा मात्र एकदा दुसऱ्याच कामास लागला. अँटवर्पच्या पीटर गेयसेल्स या चित्रकाराने त्याची कोरी बाजू घेऊन तीवर तैलरंगात एक निसर्गदृश्य रंगविले. दर्शनी बाजूस झाडे आणि रस्ते, पाठीमागे आरशातल्यासारखे उलटे कोरलेले अब्राहाम आणि त्याचे अतिथी, अशा अवस्थेत तो पत्रा राहिला. आज तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच शहरातील फ्रीअर संग्रहालयात बिचित्राचे जहांगीर आणि शेख यांचे चित्र आहे, आणि खानखानानाच्या चित्रशाळेत तयार झालेले रामायणही तेथेच आहे.